वरून ओतलेलं पाणी

पंचफुलाबाईच्या पाणपोईवर वगराळं नव्हतं. नवा माणूस हमखास फसायचा. सवयीनं कंबरेत वाकायचा, ओंजळ तोंडाशी न्यायचा आणि लांब दांड्याच्या वगराळ्यातून धार पडेल म्हणून वाट बघत राहायचा. मग बाई म्हणायची, "सरळ उभं ऱ्हा बाबा. हे घे, हातात घेऊन पी." आणि भरलेला पेला त्याच्या हातात ठेवायची. कोण, कुठला, कुणाचा, एक अक्षर विचारायची नाही.

त्याचं कारण ती कुणाला सांगायची नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. चाकूरकडच्या तिच्या गावात ती लहानपणी आईबरोबर, सरजाबाईबरोबर, विहिरीवर जायची. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत धार सोडणार. एकदा धार सोडणाऱ्या बाईनं शेजारणीशी बोलता बोलता हात थांबवलाच नाही. पोरीला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. सरजाबाई तिच्या पाठीत थापट्या मारतेय आणि वरची बाई म्हणतेय, हावऱ्यावानी पिऊ न्हाई गं. पुढं छप्पन साली घरच्यांनी धम्म घेतला, लग्न होऊन ती लातूरला आली, लेकरं झाली, सून आली. ती धार काही विसरली नाही. वस्तीतल्या पोरांनी भीमजयंतीला नव्या जिल्हा कचेरीच्या फाटकाशी पाणपोई घातली आणि ती चालवायला बाईला बसवलं, तेव्हा तिनं एकच अट घातली. वरून पाणी कुणालाच ओतायचं न्हाई.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. कचेरीच्या भिंतींना अजून रंगाचा वास होता, साहेब लोकांच्या पाट्या चकचकीत होत्या, आणि नळाला नुसती हवा येत होती. दुष्काळानं जिल्हा झालाय का तालुका हे काही बघितलं नाही. फाटकासमोर टँकर यायचा आणि त्याच्या आधीपासून घागरींची रांग लागलेली असायची. त्यात आपल्या वाट्याची एक घागर बाई पाणपोईच्या रांजणात रिकामी करायची आणि घरी सुनेची बोलणी खायची.

फाटकालगतच्या कडुलिंबावर घारीनं घरटं केलं होतं. दोन पिल्लं होती. घार महातिखट, खालून जाणाऱ्याच्या टाळक्यावर झेप घ्यायची. उस्मानाबादहून बदलून आलेले कारकून लक्ष्मणराव यांची टोपी तिनं भर दुपारी उचलून नेली, आणि सगळी कचेरी त्यांना बरेच दिवस 'टोपी आली का परत' म्हणून विचारत होती. कुणीतरी घरट्याची फांदीच छाटून टाकायची भाषा सुरू केली. तर लक्ष्मणरावच आडवे आले. "टोपी माझी गेलीय, माझी तक्रार नाही. पिल्लं उडेपर्यंत आम्ही राखण करतो," म्हणाले. आम्ही म्हणजे ते, पंचफुलाबाई आणि जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा मडिवाळप्पा. हा निलंग्याकडचा गडी, बाईला अक्का म्हणायचा.

पिल्लं फांदीवर पंख फडफडवायला लागली होती. खाली पडली असती तर कुत्री टपलेली होती, कावळे टोचायला होते, गलोल घेतलेली कार्टी होती. तिघं पाळीपाळीनं झाडाखाली बसत. मडिवाळप्पानं सांगून ठेवलं होतं, "पडलंच तर टोपल्यात घालून सावलीत ठेवा अन् मला हाक मारा." पाण्याचं तो काही बोलला नव्हता. ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोठं पिल्लू पडलं ते ऐन उन्हात. चोच वासलेली, छाती भात्यासारखी हलतेय. लक्ष्मणरावांनी दवाखान्याकडे माणूस पळवला. टँकरच्या रांगेतली माणसं गोळा झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, पाणी पाजा, पाणी पाजा. त्या उन्हाळ्यात माणसाला दुसरं सुचणार तरी काय? लक्ष्मणरावांनी पिल्लाचं डोकं वर धरलं, बाईनं पेल्यातून चोचीत धार सोडली. पिल्लू गटागटा पितंय असंच वाटलं. तिचा जीव सुखावला. "पी रं माझ्या लेकरा," म्हणत तिनं आणखी ओतलं. पिल्लानं मान झटकली, पंख ताणले, घशात गुळगुळ वाजलं आणि तिच्या पदरात ते सैल पडलं.

बाई ते हलवून बघत राहिली. झोपलंय का काय, असं तिला वाटत होतं.

मडिवाळप्पा सायकल टाकून पळत आला. त्यानं पिल्लू उलटं धरून छाती दाबली तशी चोचीतून पाणी आलं. येतच राहिलं. रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया ते पाणी धुळीत जिरताना बघत राहिल्या.

"पाणी पाजलं का, अक्का?"

"हाव. लई तहानलं होतं."

तो खाली बघत म्हणाला, "पाखराला वरून ओतायचं नसतंय अक्का. श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतंय, पाणी पोटात न जाता छातीत जातंय. म्होरं ठेवायचं, त्याचं त्यानं पिलं तर पिलं."

बाईचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. "वरून ओतलं," ती म्हणाली. "म्या वरून ओतलं." लक्ष्मणराव सांगत होते, मान मी धरली होती, पंचफुलाबाई. पण तिच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. विहिरीवरच्या त्या बाईला तिनं जन्मभर शिव्या दिल्या होत्या. आणि आज तिचाच हात तसा झाला होता, तसाच वरून, तसाच न थांबणारा. घरी तिनं भाकर नुसती चिवडली, आणि सुनेनं पाणी दिलं तर तेही तसंच ठेवून दिलं.

तरी ती दुसऱ्या दिवशी येऊन बसली, कारण धाकटं अजून फांदीवर होतं. ते तिथं नसतं तर ती त्या फाटकाशी पुन्हा आली नसती.

धाकटंही पडलं. तशाच उन्हात, तसंच धापा टाकत. बाईनं त्याला टोपल्यात घालून सावलीत ठेवलं, मातीच्या पसरट परळात पाणी ओतून म्होरं सरकवलं आणि लांब जाऊन उभी राहिली. पिल्लू हलेना. माणसं जमली. कंधारकडून कामाला आलेली कोंडाबाई म्हणून एक होती, तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. ती सगळ्यांदेखत बोलली, "पाणपोई घालून बसलीस अन् मुक्या जिवाच्या तोंडात थेंब घालीना? काय काळीज हाय का दगड हाय?"

पिल्लाचे डोळे मिटत चालले होते. पाजलं म्हणून एक मारलं, आता न पाजता दुसरं मारते का काय, ही धास्ती तिला होतीच. पेल्याकडं हात जाऊ नये म्हणून तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले. कोंडाबाईच पेला घेऊन निघाली, तेव्हा लक्ष्मणराव छत्री आडवी धरून उभे राहिले.

मग पिल्लू सरकलं. लडबडत परळाशी आलं, चोच बुडवली, मान वर केली आणि गिळलं. पुन्हा चोच बुडवली. मग घार कडुलिंबावरून ओरडायला लागली, आणि पिल्लानं त्या दिशेला मान वळवली. ऊन उतरल्यावर ते आधी भिंतीवर चढलं, तिथून धडपडत फांदीवर गेलं.

लोक हसत पांगले. कोंडाबाईसुद्धा हसली. पंचफुलाबाई तेवढी तिथंच मातीत बसली, परळातल्या उरल्या पाण्याकडं बघत.

"मोठ्यानं बी असंच पिलं असतं," ती म्हणाली.