उष्टा पेला

एल पोर्वेनिर ही जोडे शिवणाऱ्यांची वस्ती. तिथे फाउस्तो मिन्यानोने कापलेलं चामडं कुणी पुन्हा मापून बघत नसे, असा त्याचा हात. किडनी बदलल्यावर तोच हात थरथरायला लागला. गोळ्यांनी तोंड पावासारखं फुगलं. आरशात कुणी परकाच दिसे, आणि गल्लीतली माणसं मात्र "काय बाळसं धरलंय!" म्हणून गाल ओढत. फाउस्तोच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण बोलणार कुणाला? याच माणसांनी दारोदार कोंबडी तळून विकली आणि ऑपरेशनचा खर्च उभा केला होता. किडनी तर सख्ख्या धाकट्या भावाची, निल्तोनची. एवढ्या उपकारांखाली माणसाला धड कण्हताही येत नाही.

हात आणि तोंड त्याने सोसलं. सोसवेना तो रविवार. फुटबॉल आटोपला की सगळे गोल करून उभे राहत. बाटली एक, पेला एक. आपल्यापुरती बिअर ओतायची, बाटली शेजाऱ्याकडे द्यायची, पिऊन पेल्यातला फेस जमिनीवर झटकायचा आणि पेलाही पुढे करायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "कुणाचं उष्टं चालणार नाही. ती किडनी टिकावी म्हणून आम्हीच तुमच्या अंगातली रोगाशी झुंजायची ताकद मारून ठेवली आहे." म्हणून फाउस्तो घरचा पत्र्याचा मग घेऊन जाई.

"साहेबांचा मग आला रे! लांब व्हा, आपले जंतू उडतील," शेजारचा लिझार्दो ओरडे. सगळे खिदळत. पुढे पुढे त्या गोलात फाउस्तोसाठी जागाच उरेना.

मग निल्तोनच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. निल्तोनला थोडी चढली होती. अर्धा पेला तो स्वतः प्यायला आणि उरलेला त्याने भावापुढे धरला.

"घे, दादा."

"निल्तोन, तुला माहीत आहे ना..."

"मला एवढंच माहीत आहे, की माझी किडनी तुझ्या पोटात चालते आणि माझा उष्टा पेला तुला चालत नाही."

अंगणातले सगळे फाउस्तोकडे बघू लागले. स्वयंपाकघराच्या दारातून फाउस्तोची बायको ग्रिसेल्दा नको नको अशी मान हलवत होती. फाउस्तोने पेला रिकामा केला. एकच कल्ला झाला. निल्तोन गळ्यात पडून रडला. ऑपरेशन झाल्यापासून फाउस्तोला कुणी असं कवटाळलं नव्हतं.

पुढचे दिवस तो काखेत थर्मामीटर धरून बसला. ताप आला नाही. खरं तर थोडासा आला असता तर फार बरं झालं असतं.

"बघितलंत?" पुढच्या रविवारी लिझार्दो म्हणाला. "गडी ठणठणीत! उगाच आम्हाला घाणेरडं ठरवत होता."

आता फाउस्तोला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. ग्रिसेल्दा भर गल्लीत निल्तोनवर धावून गेली. "सख्ख्या भावाला मारशील, मेल्या!"

"वहिनी, मारायचंच असतं तर किडनी दिली असती का?"

तेव्हापासून दर रविवारी पेला सगळ्यांत आधी फाउस्तोकडे येऊ लागला, आणि फिरून फिरून येतच राही. मोठ्या मानाने, प्रेमाने. असल्या प्रेमाला आग लागो.

एका रविवारी त्याला सकाळपासून हुडहुडी भरली होती. मांडीच्या वर, जिथे निल्तोनची किडनी बसवली होती, तिथे ठणकत होतं. ग्रिसेल्दाला त्याने सांगितलं नाही. ती ओढत दवाखान्यात नेईल आणि वाटेत निल्तोनच्या दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकवील, हे त्याला ठाऊक होतं. मग निल्तोन जन्मभर मान वर करू शकला नसता. तो स्वेटर चढवून बाहेर पडला. पेला फिरून दुसऱ्यांदा आला. काठावर दुसऱ्याच्या ओठांचा फेस होता. तो प्यायला, फेस झटकला आणि पेला भावाच्या हातात दिला.

निल्तोनने त्याच्या मानेवर हात टाकला. "दादा, अंग केवढं तापलंय रे तुझं!"

"उन्हात उभा होतो," फाउस्तो म्हणाला. "तू ओत."