वहिनीची गळकी नळी

आमची वहिनी चूक कबूल करण्यापेक्षा करपलेली भाजी मुकाट्याने खाईल. दादाने तर लग्नानंतर लगेचच हात टेकले. प्रयोगशाळेतही तिला सगळे ‘हेडबाई’ म्हणतात, अर्थात पाठीमागे.

तिचं काम मुळांच्या पेशींवर. पेशीच्या पातळ आवरणात पोटॅशियम आत घेणारी इवलीशी दारं असतात. बाहेर पोटॅशियम कमी पडलं की पेशीत कॅल्शियमची हाकाटी होते, एक प्रथिन धावत येऊन दाराला फॉस्फेट चिकटवतं आणि दार उघडतं. वहिनीच्या हाताखाली एक मुलगी होती, बारीक आवाजाची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ते प्रथिन नसलेल्या रोपात दार बंदच राहतं, असं तिने मोजून दाखवलं. वहिनीने त्याच रोपावर स्वतः मोजलं, तर तिला पोटॅशियम आत जाताना दिसलं.

“तुझ्या हाताला सफाईच नाही,” वहिनी भर बैठकीत म्हणाली.

“मॅडम, एकदा तुमच्या यंत्राची नळी बदलून बघता का?”

“नाचता येईना, अंगण वाकडं!”

सगळे हसले. चिमणीने प्रबंध अर्धवट टाकला आणि संस्था सोडली.

पुढे एकदा यंत्र पुसताना वहिनीच्या बोटांना ओल लागली. मोजणीसाठी मुळाच्या पेशी ठेवलेल्या ताटलीत एक नळी बुडवलेली असते, पोटॅशियमच्या क्षाराने भरलेली, तोंडाला जेलीचं बूच. त्या बुचाला भेग पडली होती. क्षार ताटलीत झिरपत होता, आणि बाहेर इतकं पोटॅशियम असलं की ते दुसऱ्या वाटांनीही आत शिरतं. मूळ उपाशी ठेवलंय म्हणायचं आणि मागच्या दाराने भरवायचं! नवी नळी लावली आणि दार बंद ते बंदच. चिमणीचंच खरं होतं.

“आता कुठल्या तोंडाने जाऊ गं तिच्यापुढे?” घरी येऊन वहिनी म्हणाली.

“आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?” मी चेष्टेत म्हटलं खरं, पण तिचे डोळे पाहून माझीच जीभ मला बोचली. इतकी शरमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

तिने आधी पुढच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं. मग चिमणीकडे निघाली. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून मला सोबत घेतलं.

चिमणी एका औषधांच्या दुकानात कामाला होती. वहिनीने काउंटरपाशी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. “चूक माझी होती. तुझा हात चांगला आहे. परत ये, प्रबंध पुरा कर.”

चिमणी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “बघते, मॅडम,” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चिमणीने गोळ्या मोजल्या, परत मोजल्या आणि पाकीट दुकानातल्याच दुसऱ्या बाईकडे सरकवलं.

“जरा मोजून देतेस? माझ्या हाताचा भरवसा नाही.”