आईशी बोलणारा आवाज

आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली तेव्हा मी आणि बायको दोघंही ऑफिसात होतो. त्यानंतर मी कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. मुठीत मावेल एवढा, वायफायवर चालणारा, स्वस्तातला. वाशीच्या ऑफिसात बसून मोबाइलवर ती दिसायची, आणि बटण दाबलं की माझा आवाज तिला ऐकू जायचा. साताऱ्याकडचं गाव सोडून आलेल्या आईला त्या डबीचं भारी कौतुक.

एका संध्याकाळी घरी आलो तर पलंगावर तिची पिशवी भरून तयार.

"कुठं निघालीस?"

"गावाला. तूच म्हणलास की, रविवारी नेतो."

"मी? कधी?"

"आज दुपारी. हल्ली रोज तर बोलतोस."

कामाच्या गडबडीत त्या आठवड्यात मी बटण एकदाही दाबलं नव्हतं.

हळूहळू तिच्याकडून सगळं कळलं. तो आवाज तिला 'आई' म्हणायचा. जरा घोगरा होता, तिला वाटलं मला सर्दी झालीय. तो गुडघ्याची चौकशी करायचा, बाबांच्या आठवणी ऐकून घ्यायचा. मग पाटल्या कुठं ठेवतेस, असंही त्यानं विचारलं. तिनं सांगितलं.

मी कॅमेऱ्याची वायर उपटली. पाटल्या जागेवर होत्या. पोलिसांत तक्रार दिली. साहेबांनी विचारलं, "सोबत आलेला पासवर्ड बदलला होता का?" तो बदलायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं. तसल्या प्रत्येक कॅमेऱ्याला तोच पासवर्ड, आणि नेटवर शोधला की कुणालाही सापडणारा. माणूस मात्र सापडला नाही. कॅमेरा विकणाऱ्यांनी माझ्या मेलला उत्तरही दिलं नाही.

त्या माणसापेक्षा मला डबीचाच जास्त राग आला. राखणीला आणली, आणि तिनंच परक्याला आईच्या उशाशी नेऊन बसवलं.

"मग बाबांचं ते सगळं मी कुणाला सांगितलं रे?" आईनं विचारलं.

 मी म्हणालो, "रविवारी जाऊ आपण गावाला."

"नको. तो शब्द त्याचा होता." तिनं पिशवीतली लुगडी काढून कपाटात ठेवली.

 आता मी फोन केला की ती आधी विचारते, "आपल्या धाकट्या बैलाचं नाव काय?" मी सांगतो. तरी तिची खात्री पटत नाही. बैलाचं नाव तिनं त्यालाही सांगितलं होतं.