पाच तारखा खोडलेला राजीनामा

आमच्या धाकटीचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. चौदा वर्षं बाई कचेरीत दाखल्यांच्या खिडकीत बसली. दहाला शिक्के सुरू, पाचला बंद. आणि घरी आली की चहा निवायच्या आत कुणाचं तरी बिघडलेलं शिलाई मशीन उघडून बसायची. शेजारणीला चाक फिरवायला सांगायची, स्वतः डोळे मिटून मशीनवर तळहात ठेवायची. "शटल घासतंय," म्हणायची, आणि नेमकं शटलच घासत असायचं. हात बाबांचा! बाबांनी आयुष्यभर मशिनीच दुरुस्त केल्या.

मग हेच काम कर ना! हे मी तिला हजारदा सांगितलं. कोपऱ्यावरच्या शिलाई मशीनवाल्या मेकॅनिककाकांना हल्ली सुईचं नेढंही दिसेना. ते तिला म्हणाले, "पोरी, दुकान तू चालव. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो, नाहीतर हत्यारं भंगारात." ही काय म्हणाली? "बघते." बघते! अगं, काय बघतेस? आईचा एकच धोशा, "कायमची नोकरी कुणी सोडतं का?" आणि ही मान खाली घालून डबा घासतेय. मी ओरडलो, "घाबरट आहेस तू! शिक्के मारत म्हातारी होशील."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती नेहमीसारखी डबा घेऊन गेली. मला शर्टाचं बटण लावायचं होतं म्हणून तिच्या मशीनच्या खणात सुई शोधली, तर हाताला राजीनामा लागला. तारीख लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली, पुन्हा खोडलेली. मोजल्या, पाच तारखा. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हिच्याच्यानं काही व्हायचं नाही. कागद खिशात कोंबला आणि बटणाशिवायच निघालो.

कचेरीत तिच्या खुर्चीवर भलतंच कुणीतरी. मी सरळ हेडक्लार्कबाईंच्या टेबलावर कागद आपटला. "हा घ्या तिचा राजीनामा!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा कच्चा दिसतोय. पक्का तिनं महिन्यापूर्वीच दिला. काल शेवटचा दिवस झाला की तिचा. घरी बोलली नाही वाटतं?"

कोपऱ्यावरच्या दुकानात पोचलो तेव्हा ती जमिनीवर बसली होती, कोपरापर्यंत तेलात.

"मला का नाही सांगितलंस?" मी तिथूनच ओरडलो. "घरात तुझ्या बाजूनं बोलणारा एकटा मी!"

"तू?" हातातल्या पेचकसासकट ती ताडकन उठली. "बाबा गेले त्या आठवड्यात त्यांची हत्यारांची पेटी भंगारवाल्याला कुणी दिली? बाईमाणसानं कुठं मशिनी खोलायच्या, असं कुणी म्हटलं? माझा अर्ज स्वतः भरून मला त्या खिडकीत कुणी नेऊन बसवलं? आईची समजूत मी काढली असती, दादा. भीती मला तुझी होती. पुन्हा काहीतरी ठरवून मोकळा होशील."

पेटी मला आठवतच नव्हती. शपथेवर सांगतो, नव्हती आठवत. मग बाकावर दिसली. हिरवी, कडी तुटलेली. काकांनी तेव्हाच भंगारवाल्याकडून सोडवून आणली होती, तिच्यासाठी. चौदा वर्षं ती रोज या दुकानावरून कचेरीत जात होती, आणि मी तिला घाबरट म्हणत होतो. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

"उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "आलायस तर चाक फिरव."

मी फिरवू लागलो. तिनं डोळे मिटून मशीनवर तळहात ठेवला, आणि लगेच डोळे उघडले.

"हळू, दादा! मला ऐकू तर येऊ दे."