गुढियारीच्या परसातला दयाळ

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा माझी तिथल्या एनसीसी बटालियनमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून पोस्टिंग झाली. सीमेवर सुरुंगाच्या स्फोटात माझा डावा कान गेला होता. त्याच स्फोटात माझ्या तुकडीतला, नायक हुद्द्याचा दिलीप मेश्राम शहीद झाला. त्याचं घर रायपूरच्याच गुढियारी भागात. वडील रेल्वेत होते, ते आधीच वारले होते. आई एकट्या राहत.

पहिल्याच रविवारी गेलो. त्यांनी चहा दिला. दिलीपबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. परसात एक पक्षी शीळ घालत होता. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही. त्यांनी बोटाने दाखवला. पेरूच्या शेंड्यावर काळापांढरा, शेपटी ताठ. दयाळ.

दर रविवारी जात राहिलो. बोलणं पक्ष्याचंच होई. नर काळा, मादी राखाडी. भांडी घासण्याच्या ओल्या जागेत किडे टिपायला दोघं उतरत. दुसरा नर भिंतीवर आला की आमचा छाती काढून भिडे. थंडीत गप्प, उन्हाळा लागताच पहाटेपासून गाणं. भिंतीच्या भोकात घरटं झालं.

एका सकाळी पिल्लू खाली पडलं आणि मांजर आलं. नर-मादी कर्कश ओरडत मांजरावर झेपावू लागली. मी काठीने मांजर हाकललं, पिल्लू उचलून भोकात ठेवलं. आई पायरीवर बसल्या.

"बेटा, माह्या दिलीपजवळ कोनी होतं का तवा?"

"मी होतो, आई."

मग सगळं सांगितलं. गस्तीची तुकडी परतत होती, दिलीप पुढे होता. स्फोटानंतर मी त्याच्या मांडीवर पट्टी दाबून धरली. रेडिओ ऑपरेटर ओरडला, "एक कॅज्युअल्टी, सिरियस. हेलिकॉप्टर भेजो, ओव्हर." उत्तर आलं, "मौसम खराब. वेट, आउट." म्हणजे थांबा, नंतर सांगतो. धुकं उठलं तेव्हा उशीर झाला होता.

"काही बोलला?"

"पाणी मागितलं. ओठ ओले केले."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्या पहिल्यांदाच दिलीपबद्दल बोलू लागल्या. दुपारपर्यंत बोलत होत्या. लहानपणी तो अंधारात झोपत नसे, उशाशी कंदील लागे.

आमच्या पोस्टवर रात्री दिवा लावायला मनाई होती. नायक दिलीप मेश्रामने कधी तक्रार केली नाही.