दुभाषीची साक्ष

चाकणच्या एका कंपनीत मी जर्मनची दुभाषी होते. आकुर्डीला राहायचे, सकाळी कंपनीची बस धरायचे. वडील उभा जन्म कारखान्यात असेंब्लीवर काढून निवृत्त झालेले. आमच्या वस्तीत परदेशी भाषा शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे त्यांना माझ्या नोकरीचं फार अप्रूप. पण नातेवाइकांना ती नीट सांगता यायची नाही. "ती दोघांच्या मध्ये बोलते," एवढंच म्हणायचे.

जर्मनीहून पत्रा दाबून आकार देणारा एक मोठा प्रेस आला आणि तो बसवायला तिकडचा एक इंजिनिअर आला. साठीच्या आसपासचा, मोजकं बोलणारा. एका गुरुवारी संध्याकाळी तो, आमचे प्रॉडक्शन मॅनेजर आणि मी, तिघंच मशीनपाशी उभे होतो. प्रेसखाली हात गेला की मशीन जागच्या जागी थांबवणारा सेन्सर अजून जोडायचा होता. इंजिनिअर म्हणाला, तो जोडून तपासेपर्यंत मशीन चालवायचं नाही. मी ते मराठीत सांगितलं. मॅनेजर मोबाइलमध्ये बघत होते. "हो हो, सांग त्याला," म्हणाले. मी त्याला त्यांचा होकार सांगितला आणि आम्ही आपापल्या वाटेला लागलो.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टला माल तातडीने पाठवायचा होता, म्हणून मशीन चालवलं गेलं. त्यावरचा ऑपरेटर खेड तालुक्यातल्या एका गावचा, सव्वीस वर्षांचा होता. तो प्रेसखाली सापडला. मी पोचले तेव्हा त्याला गाडीत घालून नेलं होतं. हॉस्पिटलपर्यंतही तो टिकला नाही. इंजिनिअर थोड्या वेळाने आला, मशीनकडे बघत राहिला आणि मग मला विचारलं, "तू त्यांना सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

आठवड्याच्या आत त्याच्या कंपनीने त्याला परत बोलावून घेतलं. इकडे मॅनेजरनी पोलिसांना जबाब दिला, "मशीन तयार आहे असं मला सांगण्यात आलं होतं." एचआरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. "गडबडीत शब्द इकडचा तिकडे होतो. तेवढं लिहून दे. तुझ्यावर काही येणार नाही, आम्ही बघतो." मी लिहून दिलं नाही. पुढे माझा करार वाढवला नाही.

मॅनेजरवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची केस राजगुरुनगरच्या कोर्टात उभी राहिली. पहिल्या तारखेला व्हरांड्यात एक बाई माझ्यासमोर येऊन थांबली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी.

"तुमीच का त्या भाषा सांगणाऱ्या?"

ती ऑपरेटरची थोरली बहीण होती. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून भावाला तिनेच वाढवलेलं. गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची आणि तारखेच्या दिवशी चूल दुसरीवर सोपवून यायची. मला ती ताई म्हणायची, मी तिला आक्का.

माझी साक्ष झाली. उलटतपासात मॅनेजरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही 'मशीन अजून चालवायचं नाही' म्हणालात, की 'मशीन अजून चालू नाही'?"

"चालवायचं नाही," मी म्हणाले.

"दोन्ही वाक्यांत फरक केवढा?"

तेव्हापासून ती दोन्ही वाक्यं मला माझ्याच आवाजात ऐकू येऊ लागली, भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही.

आता सगळं इंजिनिअरच्या साक्षीवर येऊन ठेपलं. तो दुसऱ्या देशात, त्याला इथून समन्स पाठवून बोलावता येत नव्हतं. कोर्टाने प्रश्नांची यादी काढली. ती मुंबईहून दिल्लीला आणि दिल्लीहून तिकडच्या सरकारकडे जायची होती. सगळे कागद जर्मनमध्ये हवे होते. मी स्वतः साक्षीदार, त्यामुळे भाषांतर दुसऱ्याने केलं. वर्षभराने कागद परत आले, कारण पंचनाम्याचं भाषांतर जोडायचं राहिलं होतं. दुसऱ्यांदा गेले तर इंजिनिअरने घर बदललेलं. मधल्या काळात न्यायाधीश बदलले, सरकारी वकीलही बदलले.

"त्यो मानूस हाय ना जित्ता?" आक्का दर तारखेला विचारायची.

नवे सरकारी वकील उत्साही होते. ते म्हणाले, आता देशादेशांत यासाठी करार होतायत, व्हिडिओवर साक्ष घेता येते, पूर्वीसारखं राहिलेलं नाही. कोर्टात मोठा पडदा बसला होता. आक्काने आत जाऊन तो एकदा बघून घेतला.

सहाव्या वर्षी साक्षीचा दिवस ठरला. इथले दुपारचे अडीच, तिथली सकाळ. पडद्यावर तिथल्या कोर्टाची खोली आली आणि खुर्चीत तो. खूप खंगला होता, डोक्यावर केस नव्हते. माझी साक्ष आधीच झालेली, म्हणून मला मागच्या बाकावर बसू दिलं होतं. आक्का शेजारी होती. पुण्याहून एक तरुण दुभाषी आला होता.

इंजिनिअरने काहीही हातचं राखलं नाही. गुरुवारची संध्याकाळ, सेन्सर, मॅनेजरच्या हातातला मोबाइल, सगळं सांगितलं. "मी मशीन चालवायला मनाई केली होती," तो म्हणाला. दुभाष्याने मराठीत सांगितलं, "चालवू नये असं मी सुचवलं होतं."

मी उभी राहिले. "सुचवलं नाही, मनाई केली म्हणतायत ते!"

"बाई, खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही साक्षीदार आहात." मग त्यांनी दुभाष्याला पुन्हा विचारायला लावलं आणि शब्द दुरुस्त झाला. आक्काने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मॅनेजरचे वकील उठले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"आपल्याला मराठी येते?"

"नाही."

"म्हणजे दुभाषीने आरोपीला नेमकं काय सांगितलं, ते आपण सांगू शकत नाही?"

इंजिनिअर कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "ती चांगली दुभाषी होती." वकिलांनी प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा तो म्हणाला, "नाही. सांगू शकत नाही."

पडदा बंद झाला. इतकी वर्षं, दोन देशांची सरकारं, एवढे शिक्के आणि सह्या. माणूस सापडला होता आणि खरंही बोलला होता. तरी माझ्या तोंडून गेलेलं ते एक वाक्य त्याच्या हातातलं नव्हतंच.

निकाल चार महिन्यांनी लागला. मॅनेजर सुटले. निकालपत्र इंग्रजीत होतं. आक्का म्हणाली, "मला वाचून दावा." आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसलो आणि मी एकेक वाक्य तिला मराठीत सांगत गेले. परदेशी साक्षीदार काय बोलला ते सिद्ध झालं आहे. पण आरोपीपर्यंत काय पोचलं, हे एकट्या दुभाषीच्या शब्दावर ठरवता येत नाही. म्हणून संशयाचा फायदा आरोपीला.

"म्हंजी तुमच्यावर इस्वास न्हाई ठिवला."

"नाही ठेवला."

ती माझ्याकडे वळली. "कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. मला सांगा. चालवू नका, आसं म्हणाला व्हता ना तुमी?"

"म्हणाले होते," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, तिच्याशी तरी सगळं खरं बोलावं असं वाटून पुढे म्हणाले, "म्हणाले होते, असंच मला आठवतं."

फरक तिला लगेच कळला. कोर्टात बसून तिनेही शब्द ऐकले होते. तिने माझ्या हातातून कागद घेतले, घडी घातली आणि पिशवीत तळाशी ठेवले.

"येस्टी लागली," ती म्हणाली आणि उठली. बसच्या पायरीपाशी तिने मागे वळून पाहिलं नाही.

सरकारने अपील केलं नाही, असं पुढे कळलं. मी दुभाषीचं काम सोडलं. जर्मनीला नर्स म्हणून जाणाऱ्या मुलींना आता आकुर्डीतच भाषा शिकवते. आक्काचा नंबर माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही, आणि तिचाही फोन आलेला नाही.