बनियनवरचं शेवटचं अक्षर

जैनथच्या बाजारात माझं खताबियाण्यांचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. कापसाच्या बियाण्याच्या एका कंपनीने आसपासच्या गावांतले उड्या मारणारे गडी हेरून जाहिरातीसाठी त्यांची टोळी केली होती; दर बाजाराला ती जीपमधून यायची. उभ्या बैलगाड्यांवरून ते झेप घेत, भिंतीवर पाय रोवून कोलांटी मारत. प्रत्येकाच्या पिवळ्या बनियनवर एकच मोठं अक्षर असे. सगळे ओळीत उभे राहिले की कंपनीचं नाव वाचता येई. त्यातला एक गडी माझ्या ओळखीचा होता; शेवटचं अक्षर त्याचं.

पुढे कंपनीने जाहिरात टीव्हीवर नेली आणि टोळीची जीप यायची थांबली. बाकीचे कामधंद्याला पांगले. तो मात्र दर बाजाराला तेच बनियन घालून यायचा. माझ्याकडे चहा प्यायचा. पाय कसे आहेत विचारलं, की म्हणायचा, "हायेत जाग्यावर."

मग टोळीचे खेळ व्हायचे त्या मैदानात जायचा. मधोमध कधीच उभा राहिला नाही; कायम उजव्या टोकाला. लगेच धावायचाही नाही. आधीच्यांच्या उड्या होऊन जाव्यात, इतका वेळ थांबायचा. तोवर लोक कंटाळून निघून जात.

एका बाजाराला बघायला कुणीच उरलं नाही. मला राहवेना. मी दुकानातून उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"जरासं सरका सेठ," तो हळूच म्हणाला, "तिथं आमचा माणूस उभा राह्यते."

मी सरकलो. त्याची पाळी यायला अजून अवकाश होता.